मांजराच्या पिलाची शाळा

मांजर ही वाघाची मावशी, हे मराठी मुलाला बोलता येऊ लागते त्याच सुमारास सांगण्यात येते. मावशीने भाच्याला सर्व विद्या शिकवल्या, झाडावर चढण्याची तेवढी राखून ठेवली, ही कथाही त्यापाठोपाठ येते. या कथेत मांजर शिक्षिका आहे. परंतु घरात येणारे पिलू शिक्षक नसते, ते विद्यार्थी असते; आणि बहुतेक वेळा त्याची शाळा अर्ध्यावरच सुटलेली असते. ते चावते आणि ओरबाडते याचे मूळ पुष्कळदा याच ठिकाणी सापडते.

बंगळुरातील एका मराठी बिऱ्हाडाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. बसवनगुडीत पूर्वी मंगळुरी कौलांची बैठी घरे होती, मागे परसू असे, आणि मांजर कौलांवरून चार घरी हिंडून येई. आता त्या जागी उंच इमारती आल्या आहेत. अशाच एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर शेजारच्या कन्नड बाईंनी परडीत घालून एक ‘बेक्किन मरि’, म्हणजे मांजराचे पिलू, आणून दिले. पिलू जेमतेम पाच आठवड्यांचे. घरातील नऊ वर्षांच्या मुलीच्या आनंदाला पारावार राहिला नाही. ती पांघरुणाखाली बोटे हलवी, पिलू त्यावर झडप घाली आणि सारे घर हसे. दोन महिने लोटले. झडप तीच राहिली, पण दात आणि नखे वाढली. मुलीच्या मनगटावर रेघोट्या दिसू लागल्या. पहाटे देवघराकडे निघालेल्या आजीच्या पायांना दाराआडून मिठी पडू लागली. एके दिवशी रक्त आले, आणि वडिलांनी निकाल दिला, ‘रविवारी पिशवीत घालतो आणि मासळीबाजारात सोडून येतो.’ मुलगी जेवली नाही. आजी एवढेच म्हणाली, ‘अरे, दोन महिने त्याला तुम्हीच शिकवलंत ना, बोटांशी झोंबायला?’

आजीच्या या एका वाक्यात प्राणिशास्त्रातील पुष्कळसे ज्ञान सामावलेले आहे.

मांजराचे पिलू जन्मतः आंधळे असते. त्याचे डोळे साधारणपणे सात ते दहा दिवसांनी उघडतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुधाचे दात दिसू लागतात. ते एकंदर २६ असतात आणि सुईसारखे तीक्ष्ण असतात. चौथ्या आठवड्यापासून भावंडांची मस्ती सुरू होते. दबा धरणे, पाठलाग करणे, झडप घालणे, पुढच्या पायांनी आवळून धरून मागच्या पायांनी लाथा झाडणे, हे सारे शिकारीचेच धडे आहेत. मात्र त्याच मस्तीत एक दुसरा धडाही मिळत असतो. जोराने चावले की भावंड किंचाळते, उलटून चावते, नाहीतर खेळ सोडून निघून जाते. खेळ थांबणे हीच पिलाची शिक्षा असते. चावा किती घ्यावा याचे माप ते असे शिकते. पाचव्या आठवड्यात परडीतून उचललेल्या पिलाला हे माप कोणी शिकवायचे? आई मागे राहिली, भावंडे मागे राहिली. त्याच्यापुढे उरतो तो माणसाचा हात, आणि तो हात तर पांघरुणाखाली उंदरासारखा हलत असतो.

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली जवळजवळ सहा हजार मांजरांची पाहणी प्रसिद्ध केली. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा अधिक आढळतो, असे त्यांना दिसून आले. उलटपक्षी, पिलाला माणसाचा स्पर्श लवकर घडणेही आवश्यक असते. अमेरिकेतील टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांवरून असे दिसले की, दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या काळात माणसाने हाताळलेली पिले पुढे माणसाशी अधिक मोकळेपणाने वागतात. या दोन गोष्टींचा मेळ सोपा आहे. पिलू आईजवळच असू द्यावे आणि माणसाने तेथे जाऊन ते रोज थोडा वेळ हातात घ्यावे. घाई करून घरी आणू नये. आणायचेच असेल तर एकाच वेताची दोन आणावीत. ती एकमेकांची शाळा चालवतात.

दक्षिणेत एक जुना दृष्टांत प्रसिद्ध आहे. रामानुजाचार्यांच्या श्रीवैष्णव परंपरेत भक्तीचे स्वरूप सांगताना मर्कटकिशोरन्याय आणि मार्जारकिशोरन्याय असे दोन न्याय सांगतात. माकडाचे पोर आपण होऊन आईला घट्ट धरते; मांजराचे पोर काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. रामानुजाचार्यांचे वास्तव्य लाभलेले मेलुकोटे बंगळुरापासून फार दूर नाही. या दृष्टांताचा तात्त्विक अर्थ पंडितांकडे सोपवला, तरी त्यातील निरीक्षण लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या दातांनी मांजरी उंदराची मान मोडते, त्याच दातांनी ती आपले पिलू एका ओरखड्यावाचून उचलते. दात तेच, जोर निराळा. म्हणजे जबड्यावर ताबा ठेवणे मांजराच्या शक्तीबाहेरचे नाही. तो ताबा अंगवळणी पाडणे एवढेच काम माणसाच्या वाट्याला येते.

ते काम कसे करावे? पहिला नियम असा की, हाताचे खेळणे कधीही करू नये. वेताच्या काठीला दोरी बांधावी, टोकाला कापडाची चिंधी किंवा पीस बांधावे आणि ते जमिनीवरून ओढावे. पिलाचे दात आणि माणसाची कातडी यांत चार हातांचे अंतर राहते. खेळ संपताच दोरी उचलून ठेवावी, कारण पिले दोरा गिळतात आणि तो आतड्यात अडकून जिवावर बेतते. मांजराची धावपळ पहाटे आणि तिन्हीसांजेला वाढते. म्हणून त्या वेळी दहा मिनिटे असा खेळ द्यावा आणि त्यानंतर खायला घालावे. शिकार, भोजन आणि झोप हा त्याचा स्वाभाविक क्रम आहे. तो पुरा झाला म्हणजे आजीच्या पावलांवर दबा धरण्याचे कारण पुष्कळसे उरत नाही.

दुसरा नियम चावा बसल्यानंतरचा. हात ओढून घेण्याची इच्छा अनावर होते, पण ओढलेला हात पळणाऱ्या भक्ष्यासारखा भासतो आणि कातडीही अधिक फाटते. हात सैल सोडून निश्चल ठेवावा. पकड सुटली की बोलू नये, पाहू नये. उठून एक-दोन मिनिटे दूर जावे. भावंडाने जे केले असते तेच माणसाने केले, असे होते. पिलू शांत झाले की खेळ पुन्हा चालू करावा. मारणे, ओरडणे किंवा तोंडावर पाणी उडवणे यांनी पिलू शिकत नाही, भिते. आणि भ्यालेले मांजर खेळासाठी नव्हे तर जीव वाचवण्यासाठी चावते. तो चावा खोल असतो. शेपटी आपटू लागली, कान मागे वळले, बाहुल्या मोठ्या झाल्या, की मांजराने पूर्वसूचना दिली असे समजून हात आवरता घ्यावा.

तिसरा नियम सर्वांत कठीण आहे, कारण तो पिलासाठी नसून घरच्या माणसांसाठी आहे. सर्वांनी एकसारखे वागले पाहिजे. मुलगी काठीने खेळवते आणि तिचा काका रविवारी येऊन पुन्हा बोटे नाचवतो, असे झाले तर पिलाने कोणाचे ऐकावे?

नखांची गोष्ट थोडी वेगळी आहे. मांजराच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार अशी अठरा नखे असतात. एरवी ती मिटलेली असतात. ओरबाडल्याने नखावरचे जुने टरफल निघते आणि पंजातील ग्रंथींचा वास त्या जागी राहतो. तेव्हा ओरबाडणे बंद करणे शक्य नाही, त्याची जागा तेवढी ठरवता येते. लाकडाच्या खांबाला काथ्या घट्ट गुंडाळून तो पिलाच्या झोपण्याच्या जागेजवळ उभा करावा. नखाचे पारदर्शक टोक तेवढे कापावे. आतील गुलाबी भागात रक्तवाहिनी असते, तेथपर्यंत जाऊ नये. काही देशांत नखे शस्त्रक्रियेने काढून टाकीत. त्यात बोटाचे शेवटचे हाडच कापले जाते. न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली त्यावर बंदी घातली.

या विषयाची एक बाजू मात्र खेळाची नाही. आलर्क, म्हणजे रेबीज, हा रोग भारतात मुख्यत्वे कुत्र्यापासून होत असला तरी मांजरापासूनही होऊ शकतो, आणि त्याची लक्षणे एकदा दिसू लागली की तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. बंगळुरातील निम्हान्स या संस्थेत या रोगाच्या निदानाचे आणि संशोधनाचे काम चालते. चावा किंवा ओरखडा रक्त काढील, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हळद, चुना, मिरची असले काही जखमेत भरू नये. पिलू तीन महिन्यांचे होताच त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी. मुलांना एवढेच बजावावे की, मांजराने ओरबाडल्याची गोष्ट लपवू नये. पिलाला घराबाहेर काढतील या भीतीने मूल जखम लपवते, आणि ती लपवणूकच खरी धोक्याची असते.

बाजारात सोडून येण्याच्या विचाराबद्दल कायदाही काही सांगतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम झाला. उपासमारीची वेळ येईल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे हा त्या कायद्याने अपराध आहे. परंतु कायद्याच्याही आधी एक साधा न्याय आहे. जे माणसाने शिकवले, त्याचा दंड पिलाने का भरावा?

त्या बिऱ्हाडात पिशवी फडताळातच राहिली. वडिलांनीच वेताची काठी आणून दिली. पहिल्या आठवड्यात कोणालाच यश दिसेना. उलट खेळ थांबला की पिलू अधिकच चेकाळे. पण कोणी हात पुढे केला नाही. महिना-सव्वा महिन्याने एका संध्याकाळी मुलगी वाचता वाचता झोपी गेली आणि तिचा हात चटईवर मोकळा पडला. पिलू आले, त्याने बोट तोंडात धरले. दारात उभी असलेली आजी श्वास रोखून पाहत राहिली. पिलू क्षणभर थांबले, बोट सोडून ते चाटू लागले आणि तेथेच अंगाचे वेटोळे करून निजले.