खुर्ची आणि उत्तरदायित्व



स्त्रीला पद दिले की समतेचे कर्तव्य पार पडले, असा सोयीस्कर समज आज अनेक कार्यालयांत रूढ झाला आहे. परंतु पद आणि अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्याच्या हाती अधिकार, त्याच्याच शिरी उत्तरदायित्व, हा न्याय सुटला की पद केवळ शोभेचे उरते.

१९९२ साली राजस्थानातील भटेरी गावी भंवरीदेवी या शासकीय उपक्रमातील कार्यकर्तीने एक बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला. कर्तव्य बजावल्याबद्दल तिला सामूहिक अत्याचार सोसावा लागला. त्या घटनेतून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी 'विशाखा' निकाल दिला. कामाच्या जागी स्त्रीची सुरक्षितता हे मालकाचे कर्तव्य ठरले. २०१३ च्या कायद्याने दहा वा अधिक कर्मचाऱ्यांच्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती अनिवार्य केली. तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ स्त्री आणि किमान निम्म्या सदस्य स्त्रिया, असा दंडक घातला.

येथेच पळवाट शोधली जाते. "बायकांचा विषय आहे, बाई पाहतील," असे म्हणून साहेब मोकळे होतात. त्या बाईंची बढती आणि बदली मात्र त्याच साहेबांच्या हाती असते! निर्भय निर्णयाची अपेक्षा करायची आणि पाठबळ द्यायचे नाही, हा कोठला न्याय?

कायद्याने ही मुभा दिलेली नाही. समितीने ९० दिवसांत चौकशी पूर्ण करावी. तिच्या शिफारशीवर ६० दिवसांत कारवाई मात्र मालकानेच करावी. समिती न नेमल्यास ५० हजार रुपयांपर्यंतचा दंडही मालकालाच आहे. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मालक पुरुष असो वा स्त्री, मोजमाप एकच. स्त्री अधिकाऱ्याला सवलत नको, तसाच तिच्यासाठी वेगळा, अधिक कठोर दंडकही नको.

तरीही गोव्यातील एका प्रकरणाचा निकाल देताना, १२ मे २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला या कायद्याच्या अंमलबजावणीतील गंभीर त्रुटींवर बोट ठेवावे लागले.

म्हणून आपापल्या शाळेत, पतसंस्थेत, कारखान्यात प्रत्येकाने उद्याच चौकशी करावी: समिती आहे का? तिच्या सदस्यांची नावे भिंतीवर लावली आहेत का? आणि तिचा अहवाल आल्यावर कोणाच्या टेबलावर तो पडून राहतो? त्या टेबलामागे जो बसला आहे, उत्तर त्यानेच द्यायचे आहे.