चहाचं तुम्ही बघा

पडद्यावर माझा चेहरा नाही, नावही नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या अकराव्या परंपरेनुसार माध्यमांत आम्ही निनावी असतो. आवाजावर भागवून घ्या.

मी होसकोटेहून बोलतोय. इथल्या कारखान्यांत कामाला आलेला मराठी माणूस मीटिंगला येतो, तेव्हा त्याला कन्नड जेमतेम समजतं. अनुभव सांगायची वेळ आली की तो गप्प. पण खुर्च्या मांडायला भाषा कशाला लागते? मी नव्या माणसाला म्हणतो, पुढच्या वेळी अर्धा तास आधी या, चहाचं तुम्ही बघा. पगार खिशात असतो, रस्त्यात बार असतो. ‘आपण गेलो नाही तर चहा होणार नाही’ एवढ्या विचारानंसुद्धा पाय मीटिंगकडे वळतात.

याला समाजकार्य म्हणू नका. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन डॉक्टर बॉबना भेटले, ते स्वतःला दारूपासून वाचवण्यासाठी.

खजिनदाराचं काम मात्र काही काळ दारूशिवाय काढलेल्याला देतात. बाहेरची देणगी आम्ही घेत नाही. भाडं, चहा, पुस्तकं, सगळं सभासदांनी टाकलेल्या पैशांतून. घरातली भांडी विकून प्यायलेला माणूस उभा राहून त्याचा हिशेब वाचतो. खुल्या मीटिंगला त्याची बायको आलेली असली, तर मी तिच्याकडे बघतो.

मुदत संपली की पद सोडायचं. हे जड जातं, कारण सेक्रेटरीपदाचीही नशा असतेच. आमचे आधीचे सेक्रेटरी सध्या कप धुतात, आणि नळाला पाणी नसलं की सगळ्यांत मोठ्यानं तेच ओरडतात.