गोणीच्या आधी ताग
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं मार्गदर्शन)



गटातून कर्ज घेताना आपण कारण काय लिहितो? बऱ्याचदा 'शेती, बी-खत'. पैसा रानात जातो, पण हप्ता तुम्हीच भरता, कधी मजुरीतून, कधी अंडी विकून. म्हणून आज खताच्या खर्चाचं बोलूया.

युरियाच्या 45 किलोच्या गोणीत नत्र असतं साधारण 20 किलो. तेच नत्र हवेत फुकट आहे, पण ज्वारीला ते घेता येत नाही. ताग, धैंचा यांना येतं. त्यांच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू असतात, ते हवेतलं नत्र धरून झाडाला देतात. झाड जमिनीत गाडलं की कुजून ते पुढच्या पिकाला मिळतं.

ज्यांची रब्बी ज्वारीची रानं पावसाळ्यात मोकळी असतात, त्यांचं यात एकही पीक बुडत नाही. जूनअखेर चांगला पाऊस झाला की ताग पेरा, एकरी 20 ते 25 किलो बी. 45-50 दिवसांत फुलं दिसू लागली की लगेच गाडा. "अजून वाढू दे" म्हणून थांबलात तर खोड चिवट होतं, लवकर कुजत नाही. दोन-तीन आठवडे कुजू द्या, मग ज्वारी पेरा.

गाडण्याआधी एक झाड मुळासकट उपटून गाठ नखाने फोडून बघा. आतून गुलाबी-लालसर दिसली, तर नत्राचं काम चालू आहे.

एक सांगायलाच हवं. तागही ओल पितो आणि कुजायलाही ओल लागते. पावसाने ओढ दिली, तर फुलांची वाट न बघता ओल असतानाच गाडून टाका. आणि पहिल्याच वर्षी खत एकदम बंद करू नका.

ज्यांचं रान मोकळं राहत नाही, त्यांनी बांधावर गिरिपुष्प लावावं. फांद्या छाटून कोवळा पाला रानात टाकायचा, झाड पुन्हा फुटतं.

सुरुवात पाच गुंठ्यांवर करा, अडीच-तीन किलो बी पुरतं. घरचेही एवढ्याला नाही म्हणणार नाहीत. बी गटाने मिळून आणा. दोन्हीकडच्या ज्वारीचा रंग, उतारा आणि खताचा खर्च वहीत लिहा. पुढच्या वर्षी खतासाठी कर्ज किती घ्यायचं, ते त्या वहीवरून आपणच ठरवू.