त्यांना विचारलं का?

सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक, डॉक्टर मंडळी, परिचारिका भगिनी आणि आम्ही आग्रहाने पहिल्या रांगेत बसवलेले रुग्णांचे नातेवाईक, पुण्यात आपलं मनापासून स्वागत.

स्वागताध्यक्षाने जेवणाची सोय बघावी आणि थोडक्यात आटपावं, असा रिवाज आहे. जेवण चोख आहे. पण मी पेशाने वकील. एक मुद्दा मांडल्याशिवाय खाली बसणं जमायचं नाही.

वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, आपल्या वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून. म्हणजे असाध्य आजाराच्या रुग्णांच्या वेदना कमी करण्याचं, पॅलिएटिव्ह केअरचं काम आपल्याकडे नवं नाही. तरी घरोघरी वाक्य तेच: ‘डॉक्टर, बाबांना काही सांगू नका.’ बाबांना सगळं कळलेलं असतं. केमो का थांबली, जावई रजा काढून का आला, हे न कळायला ते काय कुक्कुलं बाळ आहेत? पण सगळे एकमेकांपुढे हसतात आणि आयसीयूत न्यायचं की घरी, हे खोलीबाहेर ठरतं. ठरवतो कोण? बहुधा बिल भरणारा थोरला, नाहीतर कालच अमेरिकेहून उतरलेला धाकटा. ‘पैशांचं बघू नका, करायचं ते सगळं करा,’ म्हणतो. त्याला मी दोष देत नाही, लांब राहिल्याची टोचणी असते. पण रात्ररात्र कूस बदलून देणारी, मॉर्फीनच्या वेळा सांभाळणारी बायको किंवा सून तिथेच उभी असते. तिला कुणी विचारत नाही.

कायदा मात्र पुढे सरकला आहे. वर्षानुवर्षं अचेतन पडून राहिलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने, जिवंत ठेवणारे उपचार थांबवण्याचं दार किलकिलं केलं. २०१८ मध्ये घटनापीठाने वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे पुढे कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं. त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, ती अट जानेवारी २०२३ मध्ये गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. मात्र हा कागद कामी येतो तो माणूस स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल तेव्हा. अपघातात आधी बोलायला वेळ मिळत नाही. बळावलेल्या कॅन्सरमध्ये बहुतेकदा मिळतो. माणूस आठवडे, कधी महिने शुद्धीत असतो. तेवढ्या काळात ‘बरं वाटेल हो’ याखेरीज आपण त्याच्याशी बोलत नाही, आणि बोलणं बंद झालं की त्याची इच्छा काय होती यावरून भावंडांत जुंपते.

कुटुंब या निर्णयात हवंच. कित्येक रुग्णांना ‘तुम्हीच काय ते ठरवा’ असंच म्हणायचं असतं. पण तेही त्यांना स्वतःच्या तोंडाने म्हणू द्या की!

बाहेरच्या टेबलावर इच्छापत्राचे नमुने ठेवलेत, नोटरीही बसलेत. पुणेकरांनी आजच सही करू नये. कागद घरी न्यावा आणि आपल्या वतीने बोलायला त्यात कुणाची नावं घालायची, हे रात्री जेवताना बोलावं. एकाहून अधिक नातेवाइकांची घालता येतात. नोटरी उद्या संध्याकाळपर्यंत आहेत. आता उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावं, अशी विनंती करतो.