युद्धाची झळ, मुलांची मने आणि गावाचे कर्तव्य



युद्ध संपते, सैन्ये माघारी फिरतात, पडलेली घरेही कालांतराने उभी राहतात. परंतु ज्या मुलांनी आईवडील गमावले, ज्यांना एका रात्रीत गाव सोडावे लागले, त्यांच्या मनावरचा आघात कित्येक वर्षे टिकतो. अशा मुलांना सावरण्याचे कार्य महाराष्ट्राच्या भूमीवर पूर्वी झालेले आहे. दहिवली-कर्जत परिसरातील शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ते समजून घेणे अगत्याचे आहे.

१९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना सोव्हिएत राजवटीने सैबेरिया व मध्य आशियात हद्दपार केले. उपासमार आणि रोगराई यांतून वाचलेले अनेकजण १९४२ मध्ये इराणमार्गे बाहेर पडले. त्यांपैकी सुमारे ५,००० जणांची वसाहत १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे येथे उभी राहिली. पुरुष बहुतांशी सैन्यात असल्याने येथे मुख्यत्वे स्त्रिया, मुले व वृद्ध होते. वसाहतीत दवाखाना होता, प्रार्थनामंदिर होते आणि मातृभाषेतून शिकविणाऱ्या शाळा होत्या. बालवीर पथके, नाटके, सणवार नियमाने होत. १९४८ पर्यंत ही वसाहत चालली. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित स्थिरावले. आजचे गांधीनगर ते हेच. तेथे बालपण घालविलेले पोलिश वृद्ध २०१९ मध्ये कृतज्ञतेने कोल्हापुरास आले होते.

मुलाला सावरण्यासाठी घंटा वाजताच भरणारी शाळा, ओळखीची माणसे आणि स्वतःची भाषा यांचे मोल किती आहे, हे वळिवड्याने दाखविले. त्याच काळात लंडनमध्ये ॲना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम यांनी युद्धग्रस्त बालकांसाठी शिशुगृहे चालविली. बॉम्बवर्षावापेक्षाही आईपासूनची ताटातूट लहान मुलांना अधिक दुखावते, असे त्यांना आढळले. २००७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही हाच क्रम आहे: प्रथम अन्न, निवारा व सुरक्षितता, मग कुटुंब व समाजाचा आधार, त्यानंतर प्रशिक्षित कार्यकर्त्यांचे साहाय्य, आणि गरज असलेल्या थोड्यांसाठी तज्ज्ञांचे उपचार.

आघात युद्धाचा असो वा निसर्गाचा, बालमनाची गरज फारशी बदलत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ताच राहिले. आश्रमशाळेत असल्यामुळे वाचलेल्या काही मुलांना परतण्यासाठी घरच उरले नाही. सीमेवर धारातीर्थी पडलेल्या जवानाच्या मुलांचे दुःखही याच जातीचे असते.

अशा मुलांमध्ये अंथरूण ओले होणे, दचकून उठणे, अबोला, चिडचिड, अभ्यासावरून मन उडणे ही लक्षणे दिसतात. त्याला हट्ट समजून शिक्षा करू नये. घडलेला प्रसंग पुन्हा पुन्हा सांगावयास लावू नये. मूल आपण होऊन बोलले, तर मात्र शांतपणे ऐकावे. मृत्यूची वार्ता त्याच्यापासून लपवू नये; जवळच्या माणसाने ती सोप्या शब्दांत सांगावी. भावंडांची फाटाफूट टाळावी. मदतवाटपाच्या समारंभात मुलांना छायाचित्रासाठी उभे करणे हा त्यांच्या दुःखाचा अवमान होय.

मुलाचा आधार असलेली आई वा आजी स्वतःच खचलेली असते, हेही विसरता कामा नये. तिची कागदपत्रे, निवृत्तिवेतन, रोजगार यांची खेप ग्रामसेवक किंवा सदस्याने तिच्यासोबत घातली, तर तिच्या मनावरचा मोठा भार हलका होतो. जवानाच्या कुटुंबास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी जोडून द्यावे. महिने लोटूनही झोप, भूक वा बोलणे पूर्ववत न झाल्यास, किंवा जीव नकोसा झाल्याचे बोल कानी आल्यास मात्र तत्काळ, जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाची मदत घ्यावी. टेलि-मानसचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे.

पहिल्या पंधरवड्यात मदतीची रीघ लागते. खरी कसोटी त्यानंतर असते. पुढच्या जुलैत पाऊस कोसळू लागला आणि वर्गातील एखादे मूल खिडकीकडे पाहत थिजले, तर त्याच्या शेजारी जाऊन बसणारा शिक्षक त्या गावात असला पाहिजे.