खिशात मावणारं रोम

हेडफोन लावलेत ना? मग सुरू करूया.

मी जुनी नाणी जमवते हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. त्यामुळे एक प्रश्न सारखा येतो, "ताई, रोमन नाणी म्हणजे लाखांचा खेळ ना?"

नाही हो. सोन्याच्या नाण्यांचं सोडा. पण चौथ्या शतकात, सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांच्या काळात, छोटी कांस्य नाणी इतकी पाडली गेली की आजही ती भरपूर मिळतात. परदेशात एखादं साधं नाणं हॉटेलातल्या एका जेवणाच्या पैशात येतं. माझं सगळ्यात आवडतं म्हणजे लांडगीचं नाणं. छाप्यावर शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, काट्यावर रोम्युलस आणि रेमसला दूध पाजणारी लांडगी, वर दोन तारे. इ.स. ३३० मध्ये कॉन्स्टँटिनोपल नवी राजधानी झाली, त्या सुमाराची ही नाणी. राजधानी हलली तरी जुन्या रोमचा मान नाण्यावर ठेवला, बघा!

लॅटिन येत नाही म्हणून घाबरू नका. अक्षरं ठरावीक असतात. 'आयएमपी' म्हणजे इम्पेरेटर, 'एव्हीजी' म्हणजे ऑगस्टस. उशिराच्या नाण्यांवर काट्याच्या तळाशी बारीक अक्षरं असतात, ती टांकसाळीची खूण. 'टीआर' दिसलं तर आज जर्मनीत असलेलं ट्रियर. 'एएनटी' दिसलं तर अँटिऑक, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं अंताक्या.

नाण्यात अर्थशास्त्रही असतं. ऑगस्टसचा डिनेरियस जवळपास शुद्ध चांदीचा. इ.स. ६४ च्या सुमाराला नीरोने वजन आणि चांदी दोन्ही कमी केली. पुढच्या सम्राटांनीही तेच केलं. इ.स. २७० च्या आसपासचं 'चांदीचं' नाणं हातात घ्या, चांदी पाच टक्क्यांहूनही कमी! वरचा मुलामा उडाला की खाली तांबूस धातू. सरकारकडे पैसे कमी पडले की काय होतं, हे तळहातावर दिसतं.

आता सावधगिरी. खरं नाणं ठसा मारून पाडलेलं असतं, नकली बरेचदा साच्यात ओतलेलं. कडेला जोडाची रेघ, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे, गुळगुळीत अक्षरं दिसली की थांबा. दोन नाण्यांवर अगदी तोच ओरखडा असेल तर दोन्ही परत करा. आणि कृपा करून चिंच, लिंबू, पितांबरी काही लावू नका! तो काळपट-हिरवा थर शतकानुशतकं जमलेला असतो, तोच नाण्याचं रक्षण करतो.

पण खरा प्रश्न वेगळा आहे. हे नाणं आलं कुठून?

दोन गोष्टी सांगते. २०१० मध्ये इंग्लंडमधल्या सॉमरसेटमध्ये, फ्रोम गावाजवळ, एका माणसाला मेटल डिटेक्टरने शेतात पुरलेलं मडकं सापडलं. वरची थोडी नाणी हाती लागताच तो थांबला, खड्डा बुजवला आणि पुरातत्त्व खात्याच्या लोकांना बोलावलं. त्यांनी थर लावून नाणी काढली. भरली ५२,५०३! उशिराच्या काळातली बरीचशी नाणी मडक्याच्या खालच्या भागात निघाली. वर्षानुवर्षं साठवत गेलं असतं तर नवी नाणी वर असती. म्हणजे मडकं एकाच वेळी भरलं असणार, कदाचित देवाला अर्पण म्हणून. त्याने मडकं उपसून पिशवीत ओतलं असतं, तर नाणी तेवढीच राहिली असती, पण ही गोष्ट कायमची गेली असती.

दुसरी गोष्ट उलटी. ज्युलियस सीझरचा खून इ.स.पू. ४४ मधला. त्यानंतर दोन वर्षांनी ब्रूटसने नाणं पाडलं, त्यावर दोन खंजीर आणि खुनाची तारीख. त्याचं एक सोन्याचं नाणं २०२० मध्ये लंडनच्या लिलावात ३२ लाख पौंडांहून जास्त किमतीला गेलं. पुढे उघड झालं की त्याच्या मालकीचा इतिहास बनावट होता. २०२३ मध्ये ते ग्रीसला परत गेलं.

म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न किमतीचा नको. आधी कोणाकडे होतं, कागद आहे का, हे विचारा. उत्तर गोलमोल आलं तर सोडून द्या. आपण विकत घेतो म्हणूनच कोणीतरी रात्री खणतो.

आणि हे सगळं आपल्यापासून लांबचं नाही. भारतात पैसा वाहून जातो अशी तक्रार प्लिनीने पहिल्या शतकातच केली होती. दक्षिण भारतात रोमन नाण्यांचे साठे सापडलेत. काही सोन्याच्या नाण्यांना भोकं पाडलेली आहेत, म्हणजे दागिना म्हणून वापर. आपली पुतळ्यांची माळ आठवली ना?

शेतात किंवा पाया खणताना असं काही सापडलं, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. शंभर वर्षांहून जुनी नाणी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

सुरुवात कशी करायची? आधी संग्रहालयात जा. मग एकच नाणं घ्या, पण त्याची पूर्ण माहिती वहीत लिहा. उद्या ते दुसऱ्याच्या हातात जाईल, तेव्हा वहीचं ते पानही सोबत द्या.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!