एका साच्याची दुकाने आणि आपली बाजारपेठ



या व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक आम्हांस दिली, तेव्हा आम्ही हा विषय कळविला. तो ऐकून एका स्नेह्याने हसत विचारले, "अहो, इंझोरीत असले एक तरी दुकान आहे काय?" प्रश्न रास्त होता. इंझोरीत असे दुकान नाही. परंतु दुखणे अंगावर आल्यावर वैद्य शोधण्यापेक्षा ते शेजारी आले असतानाच त्याची माहिती करून घेणे बरे. शिवाय हे सगळे दुखणेच आहे, असे मानूनही आम्ही येथे आलेलो नाही. त्यात गुण किती आणि दोष किती, हे आपल्यासह तोलून पाहावे, एवढाच आमचा हेतू आहे.

आपल्यापैकी पुष्कळजण लग्नाच्या बस्त्यासाठी किंवा मुलाच्या शिक्षणाच्या निमित्ताने नागपूर-अमरावतीस, नाही तर पुण्यास जातात. शहर सुरू होण्यापूर्वी काय दिसते? शेतात दगड रोवून पाडलेले ले-आऊट, एका रंगाच्या इमारतींच्या रांगा आणि रस्त्याच्या कडेला एक भले मोठे, खिडक्या नसलेले, पेटीसारखे दुकान. आत गेलात की डाव्या हाताला काय आणि उजव्या हाताला काय, हे पुण्याच्या माणसाला नागपुरात कोणी सांगावे लागत नाही. पाटी झाकली तर आपण कोणत्या गावी उभे आहोत, हे सांगता येणार नाही.

हे सारखेपण कोठून आले? कोणाची आवड बिघडली म्हणून ते आलेले नाही. ते हिशेबातून आले आहे. १९१६ साली अमेरिकेत मेम्फिस गावी क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या व्यापाऱ्याने ‘पिगली विगली’ या नावाचे दुकान काढले. तेथे गिऱ्हाइकाने स्वतःच फळीवरचा माल उचलायचा आणि दाराशी पैसे द्यायचे. माल काढून देणाऱ्या नोकरांचा पगार वाचला. १९३० साली न्यूयॉर्कमध्ये मायकेल कलन याने मोठ्या जागेत, थोड्या नफ्यावर, ढिगाने माल विकण्याची रीत घातली. पुढे घरोघरी मोटारी झाल्या, वस्ती शहराबाहेर पसरली आणि दुकान वस्तीमागे गेले. १९५६ साली मिनेसोटात व्हिक्टर ग्रुएन या वास्तुशिल्पज्ञाने छपराखालचा पहिला मोठा बंदिस्त बाजार बांधला. लोकांना चौकासारखी भेटण्याची जागा मिळावी, ही त्याची इच्छा होती. आजूबाजूला मोटारतळांचे माळ पसरलेले पाहून उतारवयात त्याने या संततीचे पितृत्वच नाकारले. १९६२ साली आर्कान्सामध्ये वॉलमार्टचे पहिले दुकान उघडले. आपल्याकडे २००२ साली मुंबईत पवईस डी-मार्टचे. एकच नकाशा शंभर ठिकाणी वापरला की प्रत्येक वेळी नवा विचार करण्याचा खर्च वाचतो आणि त्यातूनच माल स्वस्त होतो. म्हणून सारखेपणा आणि स्वस्ताई ही जुळी भावंडे आहेत; एकाला घरात घेऊन दुसऱ्याला दाराबाहेर ठेवता येत नाही.

आता आपल्या मुलखाकडे पाहू. जवळचे कारंजे पाहा. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस ही नावेच सांगतात की हे गाव चारी दिशांशी बोलत होते. लाड व्यापाऱ्यांवरून ते कारंजा लाड झाले. तेथील एका सावकाराने उंटांवरून आलेली सगळी कस्तुरी विकत घेऊन वाड्याच्या बांधकामात घातली, ही दंतकथा आपण आजीच्या तोंडून ऐकली आहे. ती खरी असो वा नसो, कस्तुरीची गोष्ट आपल्याच गावाविषयी सांगावी, एवढा त्या पेठेचा लौकिक होता. आपल्याच मानोरा तालुक्यातील पोहरादेवीला ज्यांची यात्रा भरते, त्या बंजारा समाजाचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर हिंडत. तात्पर्य, दूरच्या मालाला आपण नवखे नाही. दूरचा माल येतो ही तक्रार करण्यासारखी गोष्टच नव्हे.

मग जुनी पेठ उत्तम होती आणि नवे दुकान वाईट, असे म्हणावे काय? तसे म्हणण्याचा मोह होतो. परंतु आमच्या आठवणी आम्हांस तसे म्हणू देत नाहीत. १९७२ च्या दुष्काळात आम्ही लहान होतो. आमच्या घरी चूल पेटत होती ती एका किराणा दुकानदाराने वहीवर लिहून दिलेल्या ज्वारीवर. "पीक आले की पाहू," असे तो वडिलांना म्हणाला, हे आमच्या कानांनी आम्ही ऐकले आहे. आणि त्याच दुकानाच्या पायरीखाली गावकुसाबाहेरची माणसे उभी असत. त्यांच्या पदरात माल वरून टाकला जाई आणि त्यांचे पैसे पाणी शिंपडून उचलले जात, हे आमच्या डोळ्यांनी आम्ही पाहिले आहे. वही त्याच्या हाती, तराजू त्याच्या हाती आणि वाचता येणारा दुकानात तो एकटा. सुगीनंतर वडील हिशेबाला बसले तेव्हा आकडा मनातल्या आकड्याहून मोठा निघाला. वडील काही बोलले नाहीत. ज्याने दुष्काळात जगविले त्याच्याशी भांडावे कसे?

त्या पायरीखाली उभ्या राहिलेल्या एका बाईची नात आज शहरातल्या मोठ्या दुकानात ढकलगाडी घेऊन फिरते. तिला कोणी जात विचारीत नाही. मालावर किंमत छापलेली आहे, वजन छापलेले आहे. ती वस्तू हातात घेऊन पाहते, नको तर परत ठेवते. ज्या सारखेपणाला आपण नावे ठेवतो, तोच सारखेपणा तिच्या वाट्याला प्रथमच आला आहे. हे ध्यानात न घेता जुन्या पेठेचे गोडवे गाणारा माणूस पायरीच्या वर बसलेल्यांपैकी असला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

परंतु ताजव्याचे दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. छापील किंमत मागणारे दुकान दुष्काळात थांबत नाही. तेथील पोराला आपण ओळखलो तरी उधार देण्याचा अधिकार त्याला नाही. काय ठेवायचे हे ठरविण्याचाही नाही. ते सगळे दूरच्या कचेरीत ठरते. आपल्या जिल्ह्यात तूर पिकते; ती अकोल्याच्या नाही तर आणखी कोठल्या डाळगिरणीत जाते, आणि गुळगुळीत पिशवीत बसून परत येते. पिशवीवर कंपनीचे नाव असते, शेताचे नसते. ज्याने ती पिकविली तोच ती विकत घेतो आणि त्याला आपली तूर ओळखू येत नाही.

आणि ले-आऊटचे काय? समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि २०२५ साली पूर्ण झाला. त्याच्या कडेने नवी नगरे वसविण्याच्या योजना आहेत. रस्ता आल्याचे आम्हांस दुःख नाही. आजारी माणूस नागपूरला लवकर पोचतो, ही थोडकी गोष्ट नव्हे. परंतु काळ्या कसदार जमिनीत एकदा दगड रोवले की तेथे पुन्हा कपाशी येत नाही. तेथे घर बांधणाऱ्याला आधी प्लॉट मिळतो. नाली, दिवे आणि शाळा मागाहून, कधी येतील तेव्हा. दुकान तीन मैलांवर असते. ज्याच्या दाराशी गाडी आहे त्याला ते जवळ. म्हातारीला, पोराला आणि मजुराला ते दूर. पायरीखाली उभे राहण्याची पाळी अशा रीतीने पुन्हा येते, फक्त माणसे बदलतात.

मग करावे काय? मोठ्या दुकानांना बंदी घाला, असे आम्ही म्हणणार नाही. इंग्लंडात रॉचडेल गावी १८४४ साली अठ्ठावीस गरीब माणसांनी पै-पै जमवून स्वतःचे दुकान काढले. चोख माल, खरे माप आणि नफा गिऱ्हाइकांत वाटून घ्यायचा, ही त्यांची रीत. मुंबईत नायगावच्या कामगारांनी १९४८ साली ‘अपना बाजार’ काढला. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारची घरे एकत्र येऊन महिन्याचा माल ठोक मागवीत आली आहेत. छापील किंमत आणि खरे वजन हा काही पेटीसारख्या दुकानांचा मक्ता नव्हे. गावातल्या दहा किराणा दुकानदारांनी ठोक खरेदी एकत्र केली, प्रत्येक जिनसेवर भाव लिहिला आणि उधारीच्या वहीची एक प्रत गिऱ्हाइकाच्या हाती दिली, तर नव्या दुकानाचा गुण आणि जुन्याची ओळख ही दोन्ही एका छपराखाली नांदतील. ग्रामपंचायतीने आठवडी बाजाराला सावली, पिण्याचे पाणी आणि बायाबापड्यांसाठी आडोसा दिला, तर तो बाजार मोडणार नाही. आणि नाली-रस्ता झाल्याशिवाय ले-आऊटमधला प्लॉट घेणार नाही, एवढा निग्रह घेणाऱ्यांनी केला, तर विकणारा आपोआप शहाणा होईल.

यांत अशक्य असे काही नाही. अवघड आहे ते एकच. दहा दुकानदारांनी एकमेकांवर विश्वास ठेवणे, आणि गिऱ्हाइकाने शेजाऱ्याच्या दुकानात दोन रुपये जास्त गेले तर ते कशासाठी गेले हे समजून घेणे. दुकानदाराने मात्र ते दोन रुपये कमावले पाहिजेत. शेजारी आहे म्हणून ते हक्काने मागू नयेत.

आमच्या वडिलांनी तो वाढलेला आकडा निमूटपणे फेडला. दुष्काळात वही उघडणारा दुकानदार आपल्याला हवा आहे; आणि ती वही आपल्याला वाचता आली पाहिजे, हेही हवे आहे. या दोहोंपैकी एकच निवडा असे जो सांगेल, त्याचे ऐकू नका, एवढी विनंती आहे.